साहेब, पाच टेबलं एका पडवीत मांडा

मा. जिल्हाधिकारी,
तथा अध्यक्ष, जिल्हा सैनिक मंडळ, रत्नागिरी यांना



आपल्याला येणारी बहुतेक पत्रं जमिनीची, पुराची, वाळूची आणि महामार्गाची असणार. हे पत्र आपल्या दुसऱ्या खुर्चीला आहे. जिल्ह्याच्या सैनिक मंडळाचं अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असतं, हे आमच्या वाडीत कुणाला ठाऊक नव्हतं. सासूबाईंच्या कागदांमागे फिरताना मला ते कळलं, आणि वाटलं, मग इतकी वर्षं आम्ही भलत्याच खिडक्यांपाशी उभे होतो.

मी पोफळीची सून. कोयनेच्या वीजकेंद्राच्या कार्यालयात लिपिक होते, आता निवृत्त. सगळी नोकरी टेबलाच्या पलीकडे बसून झाली. त्यामुळे कागद कुठे अडतो, का अडतो आणि कुणी न अडवताही कसा अडतो, ते मला कळतं. निवृत्तीनंतर टेबलाच्या अलीकडे आले. दर ऑक्टोबरात आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका आमच्या पडवीत पिशव्या घेऊन येतात. पिशवीत पेन्शनीचं पुस्तक, घडीवर फाटलेली पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या हुकुमाची, प्रत, आधार कार्ड, वर्दीतल्या नवऱ्याचा फोटो, आणि एक तरी असा कागद, जो कशाचा आहे ते कुणालाच माहीत नसतं, पण टाकवत नाही.

हे पत्र कुणा एका कार्यालयाला दोष द्यायला लिहिलेलं नाही. बहुतेक ठिकाणी माणसं बरी भेटली. माझं म्हणणं वेगळं आहे. पेन्शन कुणाला द्यायची ते नियमाने ठरतं. पण आपण त्या नियमात बसतो हे सिद्ध करायचं ओझं सगळ्यांत म्हाताऱ्या आणि सगळ्यांत लांब राहणाऱ्या माणसाच्या डोक्यावर आहे. ते एक दिवस तरी सरकारने खाली उतरवून घ्यावं, एवढंच मागायचं आहे. कसं, ते शेवटी सांगते. आधी ओझं किती आहे ते पाहा.

सासूबाईंपासून सुरुवात करते. सासरे पायदळातले. पासष्टच्या लढाईत होते, पुढे नोकरीची वर्षं भरून पेन्शनीत आले आणि शेतीला लागले. ते जाऊन बराच काळ झाला. सासूबाई आज अठ्ठ्याऐंशीच्या आहेत, पण लष्कराच्या दप्तरात एक्क्याऐंशीच्या. सासऱ्यांनी पत्नीचं नाव नोंदवलं, तेव्हा वय विचारलं गेलं असणार. लग्न जमवतानाही जे कुणी विचारलं नव्हतं, ते त्यांना कुठून माहीत असणार? कुणीतरी अंदाजाने १९४५ साल घातलं. माझ्या थोरल्या दिरांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल १९५७ आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा ते दहा वर्षांचे होते आणि आईचा हात धरून अंगणात पळाल्याचं त्यांना लख्ख आठवतं. म्हणजे सरकारी नोंद खरी मानायची, तर सासूबाई बाराव्या वर्षी आई झाल्या.

हा नुसता विनोद असता तर हसून सोडून दिला असता. पण नियम असा आहे, की पेन्शनर किंवा त्याची विधवा ऐंशीची झाली की मूळ पेन्शनीत वीस टक्के वाढ मिळते. पंच्याऐंशीला तीस, नव्वदीला चाळीस, पंच्याण्णवला पन्नास, आणि शंभरी गाठली तर पेन्शन दुप्पट. फार शहाणपणाचा नियम आहे. म्हातारपण जसं वाढतं तसा खर्च वाढतो, हे सरकारने मान्य केलं. सासूबाईंना मात्र सात वर्षं काहीच वाढ नव्हती, आणि आता तीस टक्के हवी तिथे वीस मिळते. ठरलेल्या यादीतला वयाचा पुरावा दाखवला की नोंद बदलता येते. पण त्या कधी शाळेत गेल्या नाहीत, पासपोर्ट काढला नाही, गाडी चालवली नाही. आधार कार्ड काढायला गेल्या, तेव्हा तिथल्या मुलाने समोरच्या कागदावरचं १९४५ उतरवून घेतलं. पहिली चूक अशी दुसऱ्या कागदावर गेली, आणि आता ते दोन कागद एकमेकांची साक्ष देतात.

वयाचं हे, तर नावाचं त्याहून मोठं. आपल्याकडे मुलीचं माहेरचं नाव लग्नात पाटावर सुटतं आणि तांदळाच्या ताटात दुसरं लिहिलं जातं. वाडीत हाक मारायचं नाव तिसरंच. चंद्रभागेची चंद्राबाई होते, द्वारकेचं दारकू होतं. त्यातलं कुठलं तरी एक नाव सुट्टीवरून परत गेलेला जवान युनिटच्या लिपिकाला सांगतो. तो लिपिक पंजाबचा नाहीतर बिहारचा. तो आपल्या कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहितो. त्याची दप्तरी नोंद, म्हणजे ‘पार्ट टू ऑर्डर’, झाली की ती दगडावरची रेघ. नवरा जिवंत असेपर्यंत त्या रेघेशी कुणाला देणंघेणं नसतं. तो गेल्यावर बँक म्हणते, पीपीओवरची ही बाई आणि आधार कार्डावरची ती बाई एकच कशावरून?

मग दुरुस्तीचा प्रवास सुरू होतो. नवरा मराठा लाइट इन्फंट्रीत असेल तर रेकॉर्ड बेळगावला. महार रेजिमेंटचा असेल तर मध्य प्रदेशात सागरला. बॉम्बे सॅपर्सचा असेल तर खडकीला. पोफळीहून कागद आधी रत्नागिरीला जातो, तिथून रेकॉर्ड ऑफिसला, तिथून प्रयागराजच्या पेन्शन नियंत्रकांकडे. आमच्या बायका अजून त्याला ‘अलाहाबाद’च म्हणतात. वाटेत कुठेही एका अक्षराचा फरक सापडला, की कागद आल्या वाटेने परत. साहेब, १९६२ पासून आमच्या गावात कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने खाली उतरतं, डोंगराच्या आतल्या यंत्रांवर पडतं, आणि पोफळीची वीज घाट ओलांडून कुठल्या कुठे जाते. मी त्या कार्यालयात बसून वर्षानुवर्षं त्या विजेचे आकडे लिहिले. तेव्हा मनात कधी आलं नव्हतं, की एका म्हातारीचं नाव दुरुस्त होऊन गावात परत येण्यापेक्षा डोंगर पोखरणं सोपं असेल.

पिशव्या उघडून बसल्यावर आणखी एक गोष्ट कळते. आपल्याला काय देय आहे हेच पुष्कळ जणींना माहीत नसतं. पेन्शन बंद झाली तर त्या रडतात. कमी येत असेल तर आभार मानतात. म्हणून मी पडवीतल्या भिंतीवर एक पुठ्ठा टांगला आहे. त्यावर लिहिलं आहे ते असं. नवरा पेन्शनीत आल्यावर वारला, तर विधवेला त्याच्या शेवटच्या पगाराच्या तीस टक्के. पण मृत्यूनंतर सात वर्षं, किंवा तो सदुसष्टचा झाला असता त्या तारखेपर्यंत, यांतलं जे आधी येईल तोवर वाढीव दर, पन्नास टक्के. मृत्यू नोकरीमुळे किंवा नोकरीत बळावलेल्या आजाराने झाला असेल तर विशेष कुटुंबनिवृत्तिवेतन, साठ टक्के. लढाईत गेला असेल तर उदारीकृत, म्हणजे शेवटचा पूर्ण पगार. काहीही झालं तरी सातव्या वेतन आयोगापासून महिना ९,००० च्या खाली मूळ रक्कम जात नाही, आणि वर महागाई भत्ता. पेन्शनीत आल्यावर लग्न केलं असेल तरी त्या पत्नीचा हक्क जात नाही. पंचवीस वर्षं ओलांडलेली अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलगी नियमातल्या उत्पन्नाच्या मर्यादेत असेल, तर आईच्या पाठीमागे तिला मिळतं. मतिमंद किंवा अपंग मूल असेल तर त्याला जन्मभर.

हा पुठ्ठा वाचून एक बाई गप्पच झाली. तिच्या नवऱ्याने लष्करानंतर सरकारी खात्यात दुसरी नोकरी केली होती आणि तिथलीही पेन्शन घेतली होती. तो गेला तेव्हा तिला सांगितलं गेलं, दोन्हींपैकी एक निवड. तिने निवडलं. २४ सप्टेंबर २०१२ पासून नियम बदलला आहे. लष्कराची आणि मुलकी खात्याची अशी दोन्ही कुटुंबनिवृत्तिवेतनं मिळू शकतात. हे तिला सांगणारं कुणी भेटलं नाही. नियम दिल्लीत बदलतो, त्याची बातमी कुंभार्ली घाटाच्या पायथ्याला पोचत नाही.

आता ज्यांना पेन्शनच नाही त्यांच्याविषयी. जवानाला पेन्शन लागायला पंधरा वर्षं भरावी लागतात. कुणी घरच्या अडचणीने आधीच नाव कापून आला, कुणाला प्रकृतीने परत पाठवलं, कुणी एका लढाईपुरता भरती झाला. वर्दी घातली होती, फोटो भिंतीवर आहे, पण महिन्याच्या एक तारखेला काही येत नाही. अशा हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याच्या, पासष्टी ओलांडलेल्या आणि नियमित उत्पन्न नसलेल्या माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला केंद्रीय सैनिक मंडळाकडून मदत मिळते. लोक तिला पेन्युरी ग्रँट म्हणतात. ती महिना ४,००० होती. १ नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० झाली. हा पैसा संरक्षणमंत्र्यांच्या माजी सैनिक कल्याण निधीतून येतो, आणि तो निधी सशस्त्र सेना ध्वजदिन निधीचाच भाग आहे. म्हणजे दर ७ डिसेंबरला आपल्या जिल्ह्यात डबे फिरतात, शाळेतली मुलं कागदी ध्वज टोचून घेतात आणि कार्यालयांना उद्दिष्टं दिली जातात, त्या पैशाचीच ही दुसरी बाजू. उद्दिष्ट किती गोळा झालं याचा आढावा आपण घेताच. तसाच एक आढावा घ्या: जिल्ह्यातल्या किती वाड्यांमध्ये हे ८,००० रुपये मिळायला हवेत आणि मिळत नाहीत? त्या म्हाताऱ्यांनी ऑनलाइन अर्ज करायचा आहे. अर्ज कुणासाठी आहे, ते पाहा साहेब. ज्याचं उत्पन्न नाही, वय पासष्टच्या पुढे आणि शिक्षण चौथी, त्याच्याकडे स्कॅनर कुठला?

आणि कागदच नसतील तर? २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात पहिल्या मजल्यापर्यंत चढलं. आपल्या दप्तरात त्या पुराचे पंचनामे असतील. त्यात फ्रिज, गाद्या, दुकानातला माल, सगळं लिहिलेलं असेल. आमच्या गावची एक म्हातारी त्या दिवसांत चिपळुणात लेकीकडे होती आणि कागदांची ट्रंक तिच्याबरोबर होती. डिस्चार्ज बुक चिखलात गेलं. चौदा पानांच्या त्या लगद्याची किंमत कुठल्याही पंचनाम्यात आली नाही. ती बाई अजून तो लगदा उन्हात वाळवून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवते. मी विचारलं, कशाला ठेवलंय? म्हणाली, “शिक्का दिसतो बघ अजून.”

नोव्हेंबर जवळ आला की हयातीच्या दाखल्याची घाई. तो चुकला की पेन्शन थांबते. ऐंशीच्या वरच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, ही चांगली सोय आहे. जीवन प्रमाण नावाचा डिजिटल दाखला २०१४ च्या नोव्हेंबरात आला. त्याआधी म्हाताऱ्यांना बँकेत नेऊन उभं करावं लागे. पण त्या यंत्राला बोटाचा ठसा लागतो, आणि जन्मभर लावणी-कापणी केलेल्या, शेण-मातीत राबलेल्या बाईच्या बोटावर ठसा उरत नाही. २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय झाली. फोन समोर धरायचा, आणि तो सांगतो, डोळे मिचकवा. गेल्या वर्षी मी सासूबाईंना म्हटलं, आई, डोळे मिचकवा. त्या म्हणाल्या, “ह्या वयात? आणि कोणाकडे बघून?” पडवीत सगळ्या हसल्या. हसण्यात फोटो हलला आणि पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या वेळी नेट गेलं. त्या म्हणाल्या, “मी जिती हाय, तां दिसत नाय काय त्यांना?” त्यावर मात्र कुणी हसलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी रात्री झोप लागत नाही, ती. दोन वर्षांपूर्वी सासूबाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड. शस्त्रक्रिया झाली, पण तेव्हापासून त्या अंथरुणाला आहेत. भरवणं, कूस बदलणं, पुसणं, बसवणं, रात्री दोनदा उठणं. हे सगळं मी करते, आणि करत राहीन. त्याचा हिशेब मागायला हे पत्र नाही. पण माझंही वय झालं, माझीही कंबर दुखते, आणि एक बाई ठेवायची तर त्यांची निम्मी पेन्शन तिच्या हातावर ठेवावी लागते. म्हणून मी नियम शोधायला बसले.

नियम आहे. सततच्या परिचारकाचा भत्ता असं त्याचं नाव. सातव्या वेतन आयोगानंतर तो महिना ४,५०० वरून ६,७५० झाला. पण तो मिळतो नोकरीमुळे शंभर टक्के अपंगत्व आलेल्या आणि परिचारकाशिवाय ज्याचं चालत नाही अशा पेन्शनरला. योग्यच आहे, त्याला मिळायलाच हवा. खडकीच्या पॅराप्लेजिक केंद्रात चाकांच्या खुर्चीवर आयुष्य काढणारे जवान ज्याने पाहिले, तो त्याबद्दल शंका काढणार नाही. पण म्हातारपणाने अंथरुणाला खिळलेल्या पेन्शनराला तो नाही, आणि विधवेला तर नाहीच. माजी सैनिकांची आरोग्य योजना, ज्याला सगळे ईसीएचएस म्हणतात, ती १ एप्रिल २००३ पासून आहे. शस्त्रक्रियेला ती उपयोगी पडते. पण शस्त्रक्रियेनंतर माणूस घरी येतो, आणि पुढची पाच-सात वर्षं घरातच असतो. त्या वर्षांचं काय? राज्य सरकारने २०२४ मध्ये वयोश्री योजना आणली आणि पासष्टीच्या वरच्या गरीब वृद्धांना चष्मा, काठी, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदा ३,००० रुपये दिले. खुर्ची आली, बरं झालं. पण त्या खुर्चीवर उचलून बसवायला माणूस लागतो.

बाहेरच्या देशांत याचा विचार कसा झाला, तेही वाचलं. अमेरिकेत युद्धकाळात नोकरी केलेल्या आणि उत्पन्न कमी असलेल्या माजी सैनिकाला पेन्शन आहे, आणि तो गेल्यावर त्याच्या विधवेला किंवा विधुरालाही. त्यावर ‘एड अँड अटेंडन्स’ नावाची भर मिळते. ती द्यायची की नाही हे ठरवताना विचारतात, हे माणूस स्वतः आंघोळ करू शकतं का, कपडे घालू शकतं का, घास तोंडात घालू शकतं का? जखम लढाईतली होती का, हा प्रश्न तिथे आडवा येत नाही. तिकडेही सगळं गोड नाही. मालमत्तेची मर्यादा आहे, आणि अर्जाआधीच्या तीन वर्षांत काही मालमत्ता कमी भावाने कुणाला दिली का, हेही तपासतात. पण प्रश्न कसा विचारायचा, ते त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे. आपण टक्का विचारतो. त्यांनी विचारलं, हिला भरवतं कोण?

आता कुणी म्हणेल, ही बाई पेन्शनसारख्या गोष्टीसाठी जिल्हाधिकाऱ्यांना इतकं लांब पत्र लिहिते म्हणजे जास्तच झालं. तर सांगते, आपल्या जिल्ह्यात ही रीत जुनी आहे. दापोलीला जुनी माणसं अजून ‘काम्प दापोली’ म्हणतात. इंग्रजांच्या लष्कराचा तळ होता तिथे, आणि नोकरी संपलेले शिपाई, हवालदार, सुभेदार तिथेच घरं करून राहिले. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ पेन्शनीत आल्यावर काही काळ मुलाबाळांसह दापोलीत होते. त्यांच्या धाकट्या मुलाला पुढे सगळं जग बाबासाहेब म्हणून ओळखू लागलं. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबुवा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त होऊन दापोलीला आले. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिलं, आणि महारांची लष्करभरती थांबवली गेली तेव्हा आपल्या लोकांच्या वतीने सरकारला अर्ज केला. पेन्शनरांच्या पडवीत बसून सरकारला लिहायचं, ही आपल्या मातीतली विद्या आहे. मी फक्त तीच घेऊन बसले आहे.

तर साहेब, मागणं असं आहे.

दिवाळीच्या आधी, ऑक्टोबरात एक दिवस, पोफळीत शिबिर लावा. पोफळी एवढ्याचसाठी म्हणते, की इथून शिरगाव, अलोरे, घाटाखालच्या सगळ्या वाड्या जवळ पडतात. आणि इथून रत्नागिरीचा सैनिक कल्याण कार्यालयाचा रस्ता एका बाजूने शंभर किलोमीटरच्या वर आहे. एस.टी.ने चिपळूण, मग तिथून दुसरी गाडी, आणि संध्याकाळच्या आत परत. हे ऐंशीच्या बाईला जमत नाही. मंडप नको, शाल-श्रीफळ नको, भाषण नको. शाळेच्या पडवीत पाच टेबलं मांडा.

पहिलं टेबल जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं. तिथे पेन्शन नसलेल्यांचे अर्ज तिथल्या तिथे भरून, स्कॅन करून चढवायचे. दुसरं टेबल स्पर्शचं. ज्या संगणक प्रणालीतून आता लष्कराची पेन्शन येते, तिच्या नोंदी उघडून प्रत्येक विधवेला वाचून दाखवायच्या: बाई, तुमचं नाव असं लिहिलंय, साल हे आहे, दर हा आहे, बरोबर आहे का? नुसतं एवढं वाचून दाखवलं, तरी निम्म्या चुका त्या दिवशी कळतील. तिसरं टेबल आधारचं, बोटांचे ठसे आणि चेहरा घेणारं. चौथं तलाठ्यांचं आणि ग्रामपंचायतीचं. तिथे रहिवासाचे, उत्पन्नाचे, मृत्यूचे, वारसाचे दाखले, आणि २०२० पासून माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना मिळणारी घरपट्टीची माफी, जी मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही. पाचवं टेबल वैद्यकीय अधिकाऱ्यांचं. अपंग मुलांचे दाखले तिथे, म्हणजे आईबाप जिवंत असतानाच त्या मुलाचं नाव दप्तरात जाईल. आईबाप गेल्यावर त्या मुलाला आपली पात्रता सिद्ध करायला कोण आहे?

या पाच टेबलांवरची माणसं आजही आपलं काम करतात. फक्त ती पाच वेगवेगळ्या गावांत, पाच वेगवेगळ्या वारी बसतात. एका टेबलाला दुसऱ्या टेबलाचा कागद लागतो, आणि तो आणायला मध्ये म्हातारी धावते. ती पाचही जणं एका ओळीत बसली, तर म्हातारीऐवजी कागद धावेल. सरकारी कामाच्या पद्धतीत मी एवढ्या वर्षांत शिकले ते एवढंच: जिथे माणसाला फिरवावं लागतं, तिथे नियम वाईट असतो असं नाही. बहुतेक वेळा टेबलं लांब असतात.

अंथरुणाला असलेल्यांसाठी त्याच दिवशी एक गाडी, त्यात फोन घेऊन एक मुलगा आणि एक नर्स. आशाताईंना कुठल्या घरात कोण निजून आहे ते तोंडपाठ असतं, यादी त्यांच्याकडूनच घ्या. आणि ती यादी करतानाच एक रकाना जास्त ठेवा: यांना भरवतं कोण? तो रकाना भरून आला, की तो आकडा घेऊन आपण अध्यक्ष म्हणून वर लिहा, राज्याच्या मंडळाला आणि केंद्राच्या मंडळाला. केंद्रीय मंडळाचे अध्यक्ष स्वतः संरक्षणमंत्री आहेत. परिचारकाचा भत्ता विधवेला आणि म्हातारपणाने खिळलेल्या पेन्शनराला द्यावा का, हा निर्णय आपल्या हातात नाही, हे मला समजतं. पण कुठल्याही निर्णयाला आधी एक यादी लागते, आणि यादी फक्त खालून वर जाऊ शकते.

सासूबाईंचं वय दुरुस्त झालं तर किती पैसे वाढतील याचा हिशेब मी केला आहे. त्यांना तो नको आहे. त्यांना एकच काळजी लागून राहिली आहे. त्या म्हणतात, “एक्क्याऐंशीच लिवलंन, तर ह्यांच्यापेक्षा मी लई लहान व्हती असा लोकास्नी वाटंल. म्यानं काय बाल्यात लगीन क्येलं नव्हतं.” म्हणजे त्यांना पैशापेक्षा खरं वय हवं आहे. माझ्या लिपिकाच्या डोक्याला दोन्ही हवंय.

शिबिराची तारीख कळवाल तेव्हा एक लक्षात ठेवा. वेळ सकाळी आठची ठेवा. ऑक्टोबरात दुपारनंतर परतीच्या पावसाचे ढग घाटावरून खाली उतरतात, गडगडायला लागतं, आणि पोफळीत सगळ्यांत आधी नेट जातं. वीज मात्र जात नाही हो, ती आमचीच आहे, असं म्हणायची सवय आहे आम्हाला. ते खरं नाही. तीही जाते. म्हणून पाच टेबलांबरोबर एक बॅटरीचा दिवा आणि कोऱ्या कागदाचं एक रीम पाठवा. उरलेलं आम्ही बघतो.

कळावे.

आपली,
पोफळीची एक सून
मु. पो. पोफळी, ता. चिपळूण, जि. रत्नागिरी